लाईनदोरी

वर्धा, 6 जानेवारी

मागच्या अंगणातल्या खोलीचं लाईनआऊट आज झालं. मिस्त्रींनी चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, तीन-चार-पाच फुटांच्या मापाने काटकोन साधला आणि दोरीखालून फक्की मारत नेली. एक टोक माझ्या हातात होतं. "ताई, लाईनदोरी ढिली सोडू नका जी," ते दोनदा म्हणाले.

लाईनदोरी. दिवसभर हाच शब्द डोक्यात राहिला. लाईन आहे तर वर दोरी कशाला? पण मिस्त्रींच्या तोंडी त्याला नेमका अर्थ आहे. नुसती लाईन म्हणजे जमिनीवरची पांढरी रेघ. नुसती दोरी बादलीलाही असते. लाईनदोरी म्हणजे हीच, पिवळी, नायलॉनची, जिच्या भरवशावर भिंत उभी राहते.

7 जानेवारी

नऊ वाजता लाईन गेली, पंप बंद, कालवलेला माल कसाबसा संपवला. पुण्याकडे अशा वेळी 'लाईट गेले' म्हणतात. मला आमचं विदर्भातलं बोलणं जास्त पटतं. भर उन्हात दिव्याची आठवण कोणाला? जाते ती खांबावरून आलेली लाईनच. दुपारी लाईनमन डीपीजवळ दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला.

सकाळी पेपर टाकणारा मुलगा थोडा थांबला होता. यंदा दहावीला आहे. म्हणाला, "काकू, लाईन संपवूनच शाळेत जातो. दहावी झाली का सायन्सची लाईन घेतो." पहिली लाईन म्हणजे त्याची पेपरची घरं, दुसरी त्याचं पुढचं आयुष्य. एका दमात दोन्ही बोलून गेला आणि मला कुठेही अडखळायला झालं नाही. परक्या भाषेतला शब्द घरचा झाल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

10 जानेवारी

काल रात्री इंग्रजी कोश काढला. लाईनचं मूळ लॅटिन 'लिनेआ', म्हणजे लिनमचा धागा. आणि लिनम म्हणजे जवस! आपला जवस, ज्याची चटणी आत्ता फडताळात आहे. वाचून उठूनच बसले.

आज सकाळी धाकट्या दिरांच्या शेतावर गेले. जवस फुलावर आहे, सगळा तुकडा निळा. ही फुलं सकाळीच बघावी लागतात, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. एक ताट उपटलं, मधोमध मोडलं. काडी तुटली, पण साल तुटेना. ती सोलली तशी केसासारखी तंतूंची पट्टी हातात आली. वात वळतात तशी मांडीवर वळली. वीतभर धागा झाला, हिरवट आणि चिवट, ओढून पाहिला तरी टिकला.

आपण जवस पेरतो तो तेलासाठी. युरोपात शतकानुशतकं याच झाडाच्या उंच जातींपासून कापड झालं, ते लिनन. धागा ताणला की सरळ रेघ दिसते, म्हणून धाग्याचं नाव रेघेला मिळालं, मग ओळीला, रांगेला, रुळांना, तारेला. कपड्यांना आतून लिनन लावत, त्यावरून लायनिंग, म्हणजे माझ्या ब्लाऊजचं अस्तर. दाराला आणि क्रिकेटच्या बॅटला चोळतात ते अळशीचं तेलही याच घरातलं. एवढा गोतावळा त्या एका ताटात उभा होता.

11 जानेवारी

डोंबिवलीहून भाच्याचा फोन. मी म्हटलं, सकाळपासून लाईन नाही रे. तो म्हणाला, "मावशी, आमचीही बंद आहे, सेंट्रलची." त्याची लाईन रुळांची. बोरीबंदर ते ठाणे 1853 साली सुरू झाली, तिचाच पुढचा फाटा. मरीन लाईन्स या नावाचं मात्र रुळांशी नातं नाही. तिथे मरीन बटालियनच्या बराकींच्या ओळी होत्या. नागपूरचं सिव्हिल लाईन्स, गावोगावच्या पोलीस लाईनी, सगळीकडे अर्थ तोच, एका ओळीतली घरं.

15 जानेवारी

भिंत कमरेपर्यंत आली. पूर्वेच्या कोपऱ्यात मिस्त्री थांबले, ओळंबा सोडला आणि म्हणाले, "दोन सूत बाहेर गेली." दोन सूत म्हणजे पाव इंच. मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी थापीच्या मुठीने वीट आत ठोकली, पुन्हा पाहिली.

सूत! म्हणजे आपल्याकडेही मापाला धाग्याचंच नाव. सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला, सूत धरणारा तो सुतार. सुतात असणं म्हणजे नीट, सरळ असणं. तिकडे जवस, इकडे कापूस, पण दोन्हीकडच्या कारागिराने सरळपणा ओळखला तो ताणलेल्या धाग्यावरूनच. लाईनदोरीत तो धागा दोन भाषांमधून दोनदा आला आहे. हा शब्द मिस्त्रींच्या पिशवीत पडून होता आणि मी इतकी वर्षं तो ऐकलाच नव्हता.

त्यांना जवसाचं सांगितलं. माझा वीतभर धागा त्यांनी बोटांत धरून ओढून पाहिला. "पक्का आहे जी," म्हणाले. मग खिळे उपटले, लाईनदोरी एक थर वर घेतली आणि टोक माझ्याकडे दिलं.