मंग पाणी पडत काऊन नाही?

2019 मध्ये एचडी 86081 या ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून. त्याच्या ग्रहाचं नाव 'संतमस'. ते पुण्यातल्या एका शाळकरी मुलानं सुचवलं होतं, अर्थ, ढगाळलेला. गुरूपेक्षा जड, आणि ताऱ्याला इतका बिलगलेला की त्याचं वर्ष दोन दिवसांत उरकतं. अशांना 'उष्ण गुरू' म्हणतात.

एवढ्या लांबच्या ग्रहाची हवा ओळखायची कशी? ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा उजेड त्याच्या हवेच्या कडेतून गाळून आपल्याकडे येतो. हवेत जे असेल ते आपापला रंग गिळतं. कोणता रंग कमी पडला, तेवढं बघायचं.

मला हे पुस्तकापेक्षा आईच्या चुलीवरून लवकर पटलं. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या विस्तवात टाकल्या की मोहरी तडतडायची आणि ज्योत क्षणभर पिवळीजर्द व्हायची. तो पिवळा मिठातल्या सोडियमचा. हाच सोडियम उजेडाच्या वाटेत आडवा आला, तर नेमका तोच पिवळा गिळून टाकतो. 2001 मध्ये हबल दुर्बिणीतून एचडी 209458 बी या ग्रहाच्या हवेत सोडियम सापडला तो असाच. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाची हवा माणसाला पहिल्यांदा कळली, ती आमच्या मिठावरून म्हणायला हरकत नाही.

2022 मध्ये वेब दुर्बिणीनं वॉस्प-39 बीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दाखवला. मी उत्साहानं बाबांना फोन लावला. रिसोडकडं आमच्या शेतात रेंज फक्त धुऱ्यावर येते. त्यात पावसानं दडी मारलेली, सोयाबीन माना टाकायला लागलेलं.

"तिथं पाणी हाये का?" त्यांचा पहिला प्रश्न.

"वाफ हाये."

"मंग पडत काऊन नाही?"

नऊशे अंश तापमान, थेंब धरणार कसा, असं मी समजावलं. ते म्हणाले, "आपल्यासारखंच हाये मंग. आभाळ भरते अन् निंघून जाते."

विषय बदलावा म्हणून मी संतमसची गोष्ट काढली. तो सापडला ताऱ्याच्या डुलण्यावरून. आपल्या बाजूनं पाहता तो ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही. त्याची कक्षाच तशी कललेली. म्हणजे नाव ढगाचं, पण ढग तपासायची ही वाट तिथं बंद.

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "नाव ठेवणाऱ्या पोरानं पाह्यले का ते ढग?"

"नाही."

"पण हायेत म्हन्ते ना तो? मंग असतीन."