टिकाऊ हातमोजे

टिकाऊ हातमोज्यांचा शोध मी कित्येक वर्षें करीत होतों. पुण्यांत सायकलवरून कॉलेजांत जाणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला ही चैन नव्हे. हातमोजे नसले, कीं करंगळी व तिच्या शेजारचें बोट बधिर होतात आणि फळ्यापाशीं खडू हातांतून निसटतो. मनगटांतून करंगळीकडे जाणारी नस हॅंडलच्या दाबाखालीं सांपडते, असें डॉक्टर म्हणाले.

पण प्रत्येक जोडी वर्षभरांत अंगठ्याच्या बेचक्यांत उसवे. घामाच्या मिठानें कातडें कडक होई, शिवण त्याआधींच जाई. अखेर एक जोडी मीं कोपऱ्यावरच्या चांभाराकडे नेली. त्यानें ती नायलॉनच्या दुहेरी दोऱ्यानें शिवली, तळव्यावरची झीज न्याहाळली आणि म्हटलें, “सर, सगळा भार हातांवर टाकतां तुम्ही. हॅंडल जरा वर घ्या.”

मीं तें दोन बोटें वर घेतलें. तीन वर्षें झालीं. जोडी तीच आहे, बोटेंहि शाबूत आहेत. वर्गांत एखादा विद्यार्थी उसवूं लागला, कीं हल्लीं मी आधीं माझाच भार तपासून पाहतों.