विणकरांच्या टेकडीवर खडूची पाटी
(प्रवासाची दैनंदिनी : भाग तिसरा, ल्यों)

सोमवार
ल्योंला सोमवारी पोचणं ही चूक झाली. इथली घरगुती खाणावळीवजा हॉटेलं बहुतेक रविवार-सोमवार बंद असतात, हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या ल्योंमधल्या सँ-जाँ रस्त्यावर मात्र सगळं उघडं होतं. चार भाषांतलं मेनूकार्ड आणि पदार्थांचे फोटो पाहूनच परत फिरायला हवं होतं. पण भूक होती. केनेल मागवलं. वरून कढत, आतून गार. बिल चुकतं केलं आणि झोपले.

मंगळवार
सकाळी क्रुआ-रूसच्या टेकडीवर गेले. टेकडीच्या माथ्यावरच्या हमरस्त्यावर सोमवार सोडून रोज सकाळी भाजीबाजार भरतो. एका भाजीवालीकडून अर्धा किलो जर्दाळू घेतले आणि माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, "मादाम, तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" बाईंनी आधी मला नीट न्याहाळलं, मग उताराकडच्या एका गल्लीकडे बोट दाखवलं. "बाराला जा. साडेबाराला जागा नसते."

दारावर नावाची पाटी नव्हती. खिडकीत काळी पाटी, तिच्यावर खडूने 'प्ला द्यू जूर', म्हणजे आजचा पदार्थ, आणि त्याची किंमत. आत दहाएक टेबलं. आल्या आल्या सगळ्यांना 'बोंजूर' म्हणायचं, मग बसायचं. इथे त्याशिवाय संभाषण सुरूच होत नाही. पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई न मागता आली. त्याचे पैसे लागत नाहीत. शेजारच्या टेबलावर जाड बुडाची काचेची बाटली होती. तिला इथे 'पो' म्हणतात आणि तिच्यात बरोबर ४६ सेंटीलिटर वाइन मावते.

पहिल्यांदा आलं मसुराचं गार सॅलड. त्याला टेकडीवरची माणसं 'क्रुआ-रूसचं कॅव्हिआर' म्हणतात. श्रीमंतांना माशाची अंडी, आम्हाला मसूर. मग केनेल. पाइक नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा लगदा लोणी-अंड्यात फेटून, उकडून, भट्टीत फुगवलेला. चमचा लावला तर थरथरला. काल खाल्लं त्याला केनेल म्हणायचं कारण नाही. शेवटी 'सर्वेल द कान्यू', शब्दशः 'विणकराचा मेंदू'. आपल्या चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक कांदा, लसूण, हिरवी पात, व्हिनेगर आणि तेल. भाकरी असती तर मी आणखी एक वाटी मागितली असती.

बुधवार
कान्यू म्हणजे इथले रेशीम विणकर. जोझेफ-मारी जॅकार्ड याच शहरातला. त्याचा माग १८०४ चा आणि तो इतका उंच की क्रुआ-रूसमधल्या घरांची छतं चार-चार मीटरवर बांधावी लागली. त्या घरांतून, जिन्यांखालून, अंगणांमधून जाणाऱ्या बोळांना 'त्राबूल' म्हणतात. पावसात रेशमाचे तागे न भिजवता खाली नेता यायचे. मजुरीच्या दरासाठी विणकरांनी १८३१ मध्ये उठाव केला तेव्हा हेच बोळ कामी आले, आणि जर्मनांच्या ताब्यात शहर असताना भूमिगतांनाही.

आज 'कूर दे व्होरास'चा सहा मजली दगडी जिना उतरले. वर कुणाची तरी कपड्यांची दोरी होती. लोक इथे राहतात, म्हणून हळू बोलायचं. उताराच्या तळाशी एका कॅफेत काउंटरपाशी उभ्याने छोटी काळी कॉफी घेतली. मालकाला नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं तोंडपाठ होती. तासभर थांबले, कुणी उठवलं नाही.

गुरुवार
सकाळी नऊला 'माशों'. पहाटेपर्यंत माग चालवून आलेल्या विणकरांची ही न्याहारी : सॉसेज, डुकराचं मांस, वजडी आणि ग्लासभर बोजोले. 'ताब्लिए द सापर' म्हणजे गाईची वजडी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली. ती मी घेतली नाही. सॉसेज आणि बटाटे घेतले. समोरचे आजोबा माझं ताट पुरं होईपर्यंत लक्ष ठेवून होते.

अशा जेवणघरांना 'बूशों' म्हणतात आणि त्यांच्यामागे बायका आहेत. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करून शिकलेल्या आणि मग स्वतःचं दार उघडणाऱ्या या बायकांना शहराने 'मेर', म्हणजे आई, हे नाव दिलं. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांनी १९२१ साली रू रुआयालवर हॉटेल काढलं; १९३३ मध्ये त्यांच्या दोन हॉटेलांना मिशेलिनचे तीन-तीन तारे मिळाले. असं तोवर कुणालाच जमलं नव्हतं. पुढे जगभर गाजलेले पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्याच हाताखाली राबले. दुपारी त्या दारासमोर जाऊन उभी राहिले.

मला माझी आजी आठवली. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायची. महिनाअखेरीला वहीतले खाडे वजा करून हिशेब. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ल्यों आपल्या 'मेर'ची नावं अभिमानाने सांगतं. गिरणगावातल्या त्या शेकडो खोल्यांतल्या बायकांची नावं आपण लिहून ठेवली नाहीत, याचं मला आज फार वाईट वाटलं.

शुक्रवार
निघायच्या आधी भाजीवालीला भेटून आले. तिने विचारलं, "केनेल कसं होतं?" मी सांगितलं. तिने दोन जर्दाळू हातावर ठेवले.

ल्योंला जाणार असाल तर मंगळवार ते शुक्रवार धरा. बाराच्या आत टेकडीवर पोचा, कारण दोनला स्वयंपाकघर बंद होतं. आणि घरात कुणाच्या आजीने खाणावळ चालवली असेल, तर तिचं नाव, गल्ली आणि ती काय रांधायची ते मला कळवा. मी वही घातली आहे.