हवी हवा, नको हवा

मागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार ‘गरम होते’ म्हणून वर्कशॉपमध्ये आली, की जाणता मेकॅनिक आधी तिच्या नाकाशी उकिडवा बसतो. 1997 साली आलेल्या पोर्शे 911च्या 996 पिढीत इंजिन मागे, पण रेडिएटर पुढच्या चाकांच्याही पुढे, दोन कोपऱ्यांत. बंपर उतरवला की एसीच्या कंडेन्सरपाशी सडक्या पानांचा लगदा सापडतो. पानगळीत गाडीनं गिळलेली पानं! पंप ठणठणीत, कूलंट भरपूर, अडलीय ती नुसती हवा.

911 मुळात हवेवरच वाढलेली. 1963 साली ती लोकांसमोर आली तेव्हापासून 1998पर्यंत पंखा आणि ऑइल यांच्या जोरावर ती थंड राहिली. मग सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आले, धुराचे नि आवाजाचे नियम कडक झाले आणि पाण्याला पर्याय उरला नाही. पण पाणी तरी काय, हमालच. इंजिनातली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत आणतं. ती शेवटी घेऊन जायची हवेनंच.

ताकद वाढली की हमाली वाढते. 1001 अश्वशक्तीच्या बुगाटी वेरॉनला म्हणून 10 रेडिएटर लागले. 650 अश्वशक्तीची 2015ची कॉर्व्हेट झेड06 ट्रॅकवर तापून आपली ताकद आपणच कमी करू लागली. मालक चिडले, प्रकरण कोर्टात गेलं. 2017च्या मॉडेलला बॉनेटवर मोठे झरोके आले.

बाहेरची हवा अशी हवीहवीशी. आतली मात्र वैरीण. रेडिएटर पुढे नि इंजिन मागे असलं की पाइप गाडीच्या पोटाखालून लांबवर धावतात. कूलंट बदलताना एखाद्या उंच वळणात हवा अडकते. मेकॅनिक म्हणतो, ‘एअर धरली.’ तिथं कूलंट पोचत नाही, हेड तापतं आणि सेन्सर नेमका बुडबुड्यात असेल तर डॅशबोर्डवरचा काटाही खोटं बोलतो.

म्हणून कूलंट भरण्याआधी व्हॅक्यूमच्या साधनानं आतली हवा ओढून घ्यायची. जाड रबरी होज डोळ्यांदेखत चपट्या होतात. मग गेजकडे बघत काही मिनिटं गप्प बसायचं. काटा घसरला तर कुठंतरी गळती आहे. जागचा हलला नाही तर नळी कूलंटच्या कॅनमध्ये सोडून कॉक उघडायचा. कूलंट आपसूक आत ओढलं जातं, होज पुन्हा गोल फुगतात. घाईनं वरून ओतलं की तेच काम दुसऱ्यांदा दारात येतं.

गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यांनी एवढं करावं: शेवटची चक्कर सावकाश मारावी. तापलेलं इंजिन तिथंच बंद केलं की त्यावर फिरणारा पंपही थांबतो आणि उष्णता आतच कोंडते. कूलंटच्या टाकीचं झाकण तर गरम असताना मुळीच उघडू नये. 1 बार जादा दाबाखाली साधं पाणीही साधारण 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उकळून अंगावर येतं.