चाचा कोणाला म्हणायचे?

खानदेशला समुद्र नाही. आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला पाणी म्हटले की तापी, गिरणा, पांझरा आठवणार, आणि त्याही पावसाळ्यातल्या. असे असूनही ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या इंग्रजी चित्रपटांतले समुद्री चाचे आमच्या वस्तीतल्या पोरांना तोंडपाठ आहेत. हिंदीत बोलणारा कॅप्टन जॅक स्पॅरो टीव्हीवर आला की हातातली भाकर हातातच राहते. मोठी माणसे म्हणतात, काय हा वेड्यांचा बाजार! आम्ही मात्र पोरांबरोबर बसून हे चित्रपट पाहिले आणि पोटभर हसलो. विनोदी चित्रपट पाहणे म्हणजे काही चळवळीशी द्रोह नव्हे.

यातला तिसरा भाग २००७ साली आला. त्याची सुरुवात मात्र हसण्यासारखी नाही. कंपनी सरकारचा अंमलदार हुकूम वाचून दाखवतो. सभा भरवण्याचा हक्क बंद, वकील मिळण्याचा हक्क बंद, पंचांसमोर न्याय मागण्याचा हक्क बंद. चाच्यांशी संबंध एवढ्या कारणावर माणसांची रांग फासाकडे चाललेली, आणि त्या रांगेत एक लहान पोरगा. त्याची मान दोरापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्याला पिंपावर उभे करतात. संविधानाचे नाव रोज घेणाऱ्या घरातल्या मुलांना हा प्रसंग फोडून सांगावा लागत नाही. आमच्या बैठकीत तेव्हा कोणी बोलले नाही.

पुढे जगभरचे नऊ चाचे-सरदार एकत्र जमतात. कोणी चिनी, कोणी फ्रेंच, कोणी स्पॅनिश, एक काळा, एक म्हातारी चिनी बाई. सगळी नुसती आरडाओरड आणि हाणामारी. आपला राजा निवडायची वेळ येते तेव्हा जो तो सरदार स्वतःलाच मत देतो! आमच्या शेजारी एक जुने कार्यकर्ते बसले होते. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “अहो, ही तर आपलीच बैठक!” ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती गट झाले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या विनोदाचे भाषांतर लागत नाही.

याच नऊ जणांत एक हिंदी महासागराचा सरदार आहे. पागोटे, लांब दाढी, अंगावर दागिने. तो स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने त्याचे सेवक बोलतात. शेवटी एकदाचा तोंड उघडतो तेव्हा चिमणीसारखा चिरका आवाज निघतो आणि पोरे लोळून हसतात. या सरदाराचे नाव चित्रपटात श्री संभाजी आंग्रिया असे आहे. मार्शल मनेश नावाच्या मूळच्या इराणी नटाने ते काम केले आहे. आम्ही पोरांना विचारले, हा आंग्रिया कोण? एकालाही सांगता आले नाही. आंग्रिया म्हणजे आपले आंग्रे, हे ऐकल्यावर दहावीतल्या एका मुलीला खरेच वाटेना.

कान्होजी आंग्रे हे मराठी आरमाराचे सरखेल. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजी १७२९ साली वारले. संभाजी हा त्यांचा मुलगा. त्याने १७३५ साली इंग्रजांचे ‘डर्बी’ नावाचे मोठे जहाज पकडले होते. इंग्रजांनी आपल्या दप्तरात या बापलेकांना चाचे म्हणून लिहून ठेवले. आता गंमत पाहा. समुद्रावर परवाना विकण्याची पद्धत पोर्तुगिजांनी आणली. त्यांचा कर्ताझ नसेल तर जहाज जप्त! आंग्रे तेच करू लागले, आपले दस्तक घ्या म्हणू लागले, तर ते लुटारू ठरले. आमचे अर्धे आयुष्य कारकुनीत गेले आहे, म्हणून हे आम्हाला चटकन समजते. शिक्का ज्याच्या हातात, तो सरकार.

आम्ही आंग्र्यांचा जयजयकार करायला बसलेलो नाही. त्या काळच्या राज्यांत आमच्या वाडवडिलांना कोठे उभे केले जात होते, ते आम्ही विसरलेलो नाही. आणि १७५६ साली विजयदुर्गावरच्या तुळाजी आंग्र्याला बुडवायला इंग्रजांना सोबत घेऊन कोण गेले होते? पेशवेच. आज भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. एकाच्या दप्तरातला चाचा दुसऱ्याच्या दप्तरात सेनापती झाला, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

ही कंपनी आमच्यापासून लांब होती असेही नाही. आमची तापी जेथे समुद्राला मिळते त्या सुरतेतच इंग्रजांची जुनी वखार होती. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. सातपुड्यातले भिल्ल तेव्हा तिच्या दप्तरात लुटारू झाले. काहींना डोंगरात गाठून मारले, आणि १८२५ साली त्यांच्याच पोरांची खानदेश भिल्ल पलटण जेम्स औट्रमने उभी केली. तिचे ठाणे आपल्या धरणगावी होते. पुढे १८७१ साली तर कायदाच केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार! पहिल्या चित्रपटात जॅक स्पॅरोच्या हातावर कंपनीने ‘पी’ अक्षराचा डाग दिलेला दिसतो. त्याने निदान काहीतरी केले होते. इथे पाळण्यातल्या लेकराला डाग दिला गेला.

हे सगळे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. चित्रपटानंतर विहाराच्या अंगणात पोरे चाच्यांचा खेळ खेळू लागली. कॅप्टन होण्यावरून भांडणे झाली, पण पकडून फासावर द्यायचा चोर कोण, यावर भांडण झाले नाही. वस्तीच्या कडेला पाल टाकून राहिलेल्या पारधी कुटुंबातला एक मुलगा रोज खेळायला येतो. सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवले. तो काही न बोलता हात मागे घेऊन उभा राहिला, जणू त्याला ते पाठच होते. ओट्यावर बसलेल्या एका आजींना आम्ही म्हटले, आजी, हे बरे नाही. त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, “त्यासनं तं तेच काम शे, भाऊ.” या आजी रोज सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील म्हणतात. कोणाचे वाईट चिंतणाऱ्या नाहीत. त्यांच्याच तरुणपणी पाणवठ्यावर त्यांना काय ऐकावे लागले, हे त्यांनीच आम्हाला सांगितले आहे.

बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एका ओळीत बसवले आहे. दोन कोटी, दीड कोटी, पाच कोटी असे आकडे दिले आहेत आणि इतकी माणसे या दशेला आणणाऱ्या संस्कृतीला जाब विचारला आहे. म्हणजे हे आपले शेजारी बाबासाहेबांच्या हिशेबात आपल्याबरोबरच होते. आपण त्यांना हिशेबातून केव्हा वगळले? तो १८७१ चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, पण सराईत गुन्हेगारांच्या नावाने दुसरे कायदे आले. तुरुंगाच्या नियमावल्यांत जात पाहून कामे वाटली जात होती, विमुक्त जमातींवर वेगळा संशय लिहिलेला होता. ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. ओट्यावरचे रद्द करायला न्यायालय येणार नाही.

त्या मुलाचे नाव आता शाळेत घातले आहे. जातीचा दाखला काढायचा तर १९५० पूर्वीचा पुरावा पाहिजे. पालात राहणाऱ्यांजवळ कोठला पुरावा? ना सातबारा, ना शाळेचा दाखला. त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीतून कापडात गुंडाळलेला एक कागद काढून दिला. पणजोबाचे नाव, जात, गाव, सगळे त्यावर स्वच्छ लिहिलेले आहे. तो पोलिसांच्या हजेरीचा कागद आहे. त्याच्या चार सत्यप्रती करून सोमवारी प्रांत कचेरीत द्यायच्या आहेत.