नाळ कापणारे हात

माय, तुझं नाव कुठल्याच दप्तरात नाही. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. 1850च्या आसपास इथे जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक लेकरू पहिल्यांदा तुझ्यासारख्या सुइणीच्याच हातात आलं, आणि त्यातली पुष्कळशी आठवडाभरात परत गेली. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. तुझ्यासाठीही.

तेव्हा या भागात विद्या नव्हती असं कुणी म्हणू नये. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, ती याच मराठी मुलखात. वैद्यांच्या घरी पोथ्या होत्या. कसब्यातले हकीम नाडी पाहत. वैदू झोळीत मुळ्या घेऊन गावोगाव फिरत, तुंबड्या लावत. गुळवेल, अडुळसा, निर्गुंडी तर बांधावरच मिळे. पण बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत पोथी येत नसे, हकीमही येत नसे. तिथे तू असायचीस.

पुष्कळदा तू मांगवाड्यातली. एरवी ज्या उंबऱ्याच्या आत तुला पाऊल टाकू देत नसत, त्याच घरातून कळा सुरू झाल्या की तुला हाका येत. पोटावरून हात फिरवून मूल आडवं आहे की पायाळू, हे तू सांगायचीस. तेलाच्या हाताने, घाई न करता, ते फिरवून घ्यायचीस. वार पडेपर्यंत जागची हलायची नाहीस. हे तुला तुझ्या आईने दाखवलं, तिला तिच्या आईने. त्या बोटांना जे कळत होतं, ते कुठल्या पोथीत उतरलं नाही. पदरात चार पायल्या जोंधळे आणि एखादं जुनेर घेऊन तू पुन्हा गावकुसाबाहेर जायचीस.

आणि त्याच हातांनी तू नाळ कापायचीस. विळ्याने, खुरप्याने, घरात जे धारेचं असेल त्याने. वर राख, नाहीतर शेण. पाचव्या रात्री सटवाई पुजायची; ती येऊन कपाळावर नशीब लिहून जाते. नेमकं त्याच दिवसांत एखादं लेकरू अंगावर पिईना. त्याचा जबडा आवळायचा, पाठ धनुष्यासारखी ताणायची. सटवाईने नेलं, असं घर म्हणायचं. शेणामातीतला धनुर्वाताचा जंतू ओल्या नाळेतून आत शिरला, की साधारण आठवड्याभरात तो आपलं काम करतो. पूजेची रात्र आणि जंतूची मुदत एकमेकींत अशी मिसळून गेली होती की विळ्यावर कुणाचा संशय जाणार कसा? जपानी संशोधक किटासाटो याने हा जंतू वेगळा काढला तो 1889 मध्ये. तोवर गेलेल्यांची गणती नाही. बारशाआधीच गेली ती, त्यांना नावंसुद्धा ठेवायची राहून गेली.

तुला कुणी अडाणी म्हटलं की मला व्हिएन्ना आठवतं. तिथल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर मुडद्यांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींकडे येत. एप्रिल 1847 मध्ये तिथल्या एका विभागात शंभरातल्या 18 जणी गेल्या. इग्नाझ सेमेलवाइस याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनमध्ये हा आकडा 2 वर आला. तरीही मोठमोठ्या प्राध्यापकांनी त्याला मानलं नाही. 1865 मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. शिकल्यासवरल्या माणसांना डोळ्यांसमोर दिसूनही पटलं नाही. तुला तर कुणी सांगितलंच नाही.

1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. पुढच्याच वर्षी खुद्द हैदराबादेत, रेसिडेन्सीचे सर्जन मॅक्लीन यांच्या हाताखाली वैद्यकशाळा सुरू झाली, तीही उर्दूतून शिकवणारी. तिथल्यांनाही तेव्हा जंतू ठाऊक नव्हते. पण जग शिकत गेलं तशा त्या शाळा शिकत गेल्या. तुझ्या झोपडीपर्यंत त्यातलं काही यायला शंभराहून अधिक वर्षं लागली. आणि तुझ्या बोटांतलं तिकडे न्यावं, असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. वाट दोन्ही बाजूंनी बंद होती. लेकरं मेली ती या बंद वाटेवर, हे माझं ठाम मत आहे.

2023 मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनो, पूर्णा, पालम, सोनपेठकडच्या खेड्यांत जाल तेव्हा एखाद्या जुन्या सुइणीच्या ओट्यावर थोडं टेका. त्यांना मावशी म्हणा, काय करत होतात ते विचारा, चांगलं आणि घातक दोन्ही लिहून घ्या. त्यांतल्या बहुतेकजणी आता खूप थकल्या आहेत.