बैलाच्या व्यवहारातील दहा रुपये

साठ रुपयांना घेतलेले जनावर सत्तरला विकले आणि तेच ऐंशीला परत घेऊन नव्वदला विकले, तर नफा किती, हे कोडे नॉर्मन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५२ च्या सुमारास गटचर्चेच्या अभ्यासात वापरले. तेथे घोडा आणि डॉलर होते, पांढुर्णा जिल्ह्यातील रामाकोन्यासारख्या शेतकरी गावात त्यांच्या जागी बैल आणि रुपये धरणे स्वाभाविक. दिलेले १४० व आलेले १६० रुपये मांडताच उत्तर २० येते, तरीही उत्तर १० म्हणणारा अनेकदा माघार घेत नाही, कारण सत्तरला दिलेला बैल ऐंशीला परत घेतानाची हळहळ तो तोटा म्हणून वजा करतो. हातच्या सोडलेल्या लाभाला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. बैल मध्ये विकलाच नसता तर ३० रुपये सुटले असते, त्या तिसांतून हे दहा आधीच गेलेले असतात, आणि उरलेल्या विसांतून ते पुन्हा वजा करणे एवढीच खरी चूक होय. तिच्यासाठी कोणाला अडाणी ठरवणे मात्र अन्यायाचे आहे, कारण रामाकोन्याच्या संत्रापट्ट्यात मृग बहाराची फळे झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देऊन पुढे चढलेला भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते दहा रुपये अगदी खरे वाटतात.